लाखेच्या तबकड्या

मंडईंत भाजी घेणाऱ्या गृहिणीस एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. मेथी, चाकवत, अळू हीं सकाळीं घ्यावयाचीं आणि दिवस मावळण्यापूर्वीं शिजवावयाचीं. कांदाबटाटा मात्र टोपलींत आठ दिवस पडून राहिला तरी बिघडत नाहीं. आतां या दोहोंतला दुसरा फरक पाहा. मेथी आसपासच्या मळ्यांतलीच असते. बटाटा दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून निघाला, परक्यांच्या गलबतांतून या किनाऱ्यास लागला आणि हळूहळू आमच्या उपासाच्या ताटांत जाऊन बसला. मिरची तशीच आली, पेरूही तसाच आला. टिकतें तें हिंडतें. ज्या वास्तूंत हा सारा बाजार भरतो तीही घडणीनें परकीच आहे. १८८६ सालीं गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें ती उघडली. तिचा अष्टकोनी मनोरा गॉथिक थाटाचा. आणि पुढें तिला नांव मिळालें तें महात्मा फुल्यांचें, ज्यांनीं नगरपालिकेचे सभासद असतां तिच्या खर्चास विरोध केला होता!

हें आठवण्याचें कारण एक पत्र. एका वाचकभगिनी लिहितात, ‘माझी नात दिवसभर कानांत कोरियन भाषेंतलीं गाणीं घालून बसते. तिला त्यांतला एक शब्द कळत नाहीं. सगळ्या जगाचें गाणें एकच होऊन जाणार काय? आणि मग आपल्या गाण्याचें काय व्हावयाचें?’ प्रश्न काळजीचा आहे आणि काळजी खरी आहे. परंतु ही गोष्ट आजची नव्हे. तिची सुरुवात एकशें वीस वर्षांपूर्वींची आहे, आणि त्या सुरुवातींत आपलें अंग कोठें कोठें होतें हें पाहिल्यावांचून उत्तर देणें बरें नव्हे.

गाणें हें शतकानुशतकें मेथीच्या जातीचें होतें. गवयाच्या कंठांतून तें निघालें कीं बैठकींतल्या लोकांनीं कानांत सांठवावें, तेवढेंच त्याचें आयुष्य. भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारींत वारले. किर्लोस्कर मंडळींतल्या त्यांच्या शकुंतलेचें आणि सुभद्रेचें गाणें ऐकून वेडावलेल्या लोकांनीं पानेंच्या पानें लिहून ठेविलीं आहेत. परंतु तो आवाज कसा होता हें आज कोणालाही सांगतां यावयाचें नाहीं. आणि दैवाची गंमत अशी कीं, त्यानंतर अवघ्या पावणेदोन वर्षांनीं आवाज धरून ठेवणारें यंत्र या देशांत व्यापारासाठीं आलें.

तें आलें कलकत्त्यास, १९०२ च्या नोव्हेंबरांत. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनें फ्रेड गेसबर्ग नांवाचा एक तरुण अमेरिकन पाठविला होता. त्याच वर्षाच्या एप्रिलांत त्यानें इटलींत मिलान येथें कारूसो या गायकाचीं दहा पदें घेतलीं होतीं, आणि त्या पदांनीं युरोपांत यंत्राची प्रतिष्ठा वाढविली. कलकत्त्यांत त्यानें हॉटेलच्या खोलींत बस्तान मांडलें. आधीं नाटकांत गाणाऱ्या दोन लहान मुलींचीं गाणीं घेतलीं, आणि मग आली गौहर जान. ही आर्मेनियन वंशाची, उत्तरेंतली नामांकित गाणारी. गाणें संपतांच ती इंग्रजींत आपलें नांव ठासून सांगे. हें ऐकून आज आपल्याला हंसूं येतें. परंतु त्याला कारण होतें. मेणावर उमटलेले ठसे आगबोटींतून जर्मनींत हानोव्हरच्या कारखान्यांत जात आणि तेथें त्यांवरून तबकड्या निघत. तेथल्या कारागिरास हिंदुस्थानीचें एक अक्षर कळत नसे; नांव ऐकून त्यानें कागद चिकटवावयाचा! सहा आठवड्यांत पांचशेंहून अधिक ठसे घेऊन गेसबर्ग पुढें गेला: चीन, जपान, सयाम, ब्रह्मदेश.

येथें क्षणभर थांबावें. विलायती कंपनी येथें विलायती गाणें खपवावयास आली असावी असा आपला सहज समज होतो. तसें नव्हतें. तिला यंत्रें विकावयाचीं होतीं, आणि जें घरांत वाजवावेंसें वाटेल असें गाणें नसेल तर तें यंत्र म्हणजे नुसता लांकडी खोका आणि पितळी कर्णा. तेव्हां बंगाल्यास बंगाली, मराठ्यास मराठी, जपान्यास जपानी असा ज्याचा त्यास माल पुरवावयाचा हें तिचें व्यापारी शहाणपण होतें. मागोमाग बर्लिनची बेका, ओडियन, पॅरिसची पाथे अशा कंपन्या धांवल्या, आणि कैरोपासून जावापर्यंत जो तो स्थानिक गवई शोधीत हिंडूं लागला. परक्या इमारतींत देशी भाजी, हाच तो मंडईचा प्रकार. कर्ण्यापुढें बसलेलें तें कुत्रें मात्र सगळीकडे एकच!

शिवाय ती इमारत तरी सर्वस्वीं परकी कोठें होती? तबकडी कशाची करीत हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दगडाची पूड, काजळी, थोडे कापसाचे तंतु, आणि या सर्वांस धरून ठेवणारी लाख. ही लाख पळस, कुसुंब, बोर या झाडांवर एक बारीक किडा करतो. छोटानागपूरच्या रानांतले आदिवासी ती खरवडून काढीत. जगाच्या लाखेचा बहुतेक पुरवठा त्या काळीं हिंदुस्थानांतूनच होई. अथर्ववेदांत या लाक्षेचें सूक्त आहे, तिनें जखम भरून येते म्हणून तिची स्तुति आहे. महाभारतांतलें जतुगृह तर लहान पोरालाही माहीत असतें; पांडवांस जाळण्यासाठीं जें द्रव्य दुर्योधनानें वापरलें त्यांतच पुढें अब्दुल करीम खांसाहेबांचा सूर अमर व्हावा, हा योग आम्हांस फार गोड वाटतो. कलकत्त्यास सियाल्दा येथें १९०८ सालीं कारखाना निघेपर्यंत रांचीकडची लाख समुद्रापार जाई आणि गाणें होऊन परत येई. १९४२ सालीं महायुद्धामुळें अमेरिकेंत लाखेवर निर्बंध आले, तेव्हां तिकडे नव्या तबकड्या एकदम आटल्या, आणि जुन्या फुटक्या तबकड्या गोळा करून त्या दळून पुन्हा नव्या करण्याची पाळी आली. रानांतल्या किड्यानें न्यूयॉर्कचा नाच अडवून धरिला म्हणावयाचा!

आतां गाण्याचें काय झालें तें पाहूं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटें, फार तर सव्वातीन. ज्या ख्यालास तास लागावा तो या तीन मिनिटांत कसा मावावा? १९२५ सालीं मायक्रोफोनची युक्ति निघाली. त्यापूर्वीं गवयास कर्ण्यांत तोंड घालून ओरडावें लागे. तंबोऱ्याची आंस यंत्रास ऐकूं येत नसे. पेटी मात्र खणखणीत उठे. (ही पेटीही परकीच बरें! १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला हिंदी संगीतास अयोग्य ठरवून बाहेर काढलें, आणि १९७१ पर्यंत ती बाहेरच बसली.) विलंबित गेलें, आलापाची संथ बढत गेली, राहिली ती द्रुत चीज आणि झटपट ताना. जुने लोक म्हणत कीं हें गाणें नव्हे, गाण्याचें कात्रण आहे. त्यांचें म्हणणें आम्ही खोडून काढीत नाहीं. परंतु खांसाहेबांची ती झिंझोटींतली ठुमरी ज्यानें ऐकली असेल त्यास तीन मिनिटें ही टंचाई वाटत नाहीं. मोठा कवि अनुष्टुभाच्या बत्तीस अक्षरांतही पुरेसें सांगून जातो. ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें नाहीं त्याला शार्दूलविक्रीडितही अपुरें पडतें.

परंतु लांबी-रुंदीपेक्षां मोठी उलथापालथ दुसरीच झाली, आणि ती आमच्यासारख्यांच्या घरांत झाली. तबकडीनें आवाज माणसापासून सोडवून वेगळा केला. याचा अर्थ काय तो आम्हांस आमच्या आजीनें सांगितलेल्या एका हकीगतीवरून कळला. तिच्या सासरीं, शुक्रवार पेठेंत, दिवाणखान्यांत चावीचा ग्रामोफोन होता. बुधवारांतल्या माडीखालून जातांना त्या घरचा पुरुष मान वर करीत नसे, आणि घरच्या लेकीसुनेनें चारचौघांत गाणें म्हणजे अब्रूवर पाणी. परंतु दुपारीं पुरुषमंडळी बाहेर गेलीं कीं जावाजावा दार लोटून पुण्याच्याच सुंदराबाई जाधवांची तबकडी लावीत आणि कर्ण्यास कान लावून बसत. सुंदराबाई त्या घरांत येत्या तर त्यांस ओटीवर बसविलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे. त्यांचा आवाज मात्र थेट माजघरांत गेला. आजी हें सांगतांना हंसे, पण एकदां म्हणाली, ‘त्या बाईला एकदां तरी घरीं बोलवावयास हवें होतें.’

या सुंदराबाईंचें ऋण साऱ्या महाराष्ट्रावर आहे. १९१९ सालीं गंधर्व मंडळीनें ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलें त्याच्या चाली त्यांनीं पुरविल्या. गझल-दादऱ्याच्या वळणाच्या त्या चाली बालगंधर्वांच्या तोंडून सिंधूच्या झाल्या, आणि सोंवळ्यांतल्या आजीबाईही त्या गुणगुणूं लागल्या. आज आपण ज्यास शुद्ध मराठी नाट्यसंगीत म्हणतों त्यांत केवढें पाणी कोठून कोठून आलें आहे! पुढें १९३९ सालीं प्रभातच्या ‘माणूस’मध्यें सुंदराबाई नायकाची आई म्हणून दिसल्या, तोंवर काळ पालटला होता. तो पालटण्यास भाषणें आणि लेख कारण झाले असें आम्ही लेखणीबहाद्दर समजतों. आमच्या मतें माजघरांतल्या त्या कर्ण्यास अधिक श्रेय द्यावयास हवें. मात्र त्याच कर्ण्यानें आमच्या समाजास एक पळवाटही दिली. गाणाऱ्या बाईचें गाणें घ्यावें आणि बाईस दाराबाहेर ठेवावें, ही सोय त्यापूर्वीं इतकी स्वस्त कधींच नव्हती. गवयांस मिळे ती बहुधा एकरकमी बिदागी. तबकडी किती का खपेना. गौहर जान १९३० सालीं म्हैसुरास वारली ती कांहीं ऐश्वर्यांत नव्हे.

दुसरें बंधन तुटलें तें विद्येचें. चीज चोरली जाईल या भीतीनें उस्ताद अस्ताई पुरी म्हणत आणि अंतरा गिळत. तबकडी बाजारांत आल्यावर कोण कोणाचा हात धरणार? गदगच्या एका शाळामास्तरांच्या मुलानें दुकानाच्या फळीपाशीं उभें राहून अब्दुल करीम खांसाहेबांचें गाणें ऐकलें, पुन्हा पुन्हा ऐकलें, आणि १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, असें गावयास शिकावें म्हणून तो घर सोडून निघाला. तेच भीमसेन जोशी. एकलव्यापुढें मातीचा द्रोण होता, यांच्यापुढें लाखेचा. परंतु एकलव्याची मूर्ति बोलत नव्हती, ही बोलत होती. आणि यांचा आंगठाही कोणी मागितला नाहीं. पुढें त्यांनीं खांसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशीं कुंदगोळास रीतसर तालीम घेतली, कारण तबकडी सूर देते पण चूक झाली तर टोकत नाहीं. गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यांत त्यांनीं सुरूं केलेला उत्सव वाचकांस सांगावयास नको.

आणि जे तबकडींत आलेच नाहींत त्यांचें काय? भास्करबुवा बखले १९२२ सालीं पुण्यांत निवर्तले. भारत गायन समाज त्यांनीं स्थापिला. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. ‘स्वयंवरा’च्या चाली त्यांच्या. परंतु त्यांच्या गळ्याची एकही तबकडी नाहीं. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खांसाहेब १९४६ पर्यंत जगले, त्यांचीही नाहीं. बुवांचा सूर कसा लागे हें ओळखावयाचें तर बालगंधर्वांच्या तबकड्यांतून, वृक्षाची उंची सांवलीवरून मोजावी तसें. जगभर हेंच झालें आहे. यंत्राच्या चाळणींतून जें खालीं पडलें तेवढेंच त्या त्या देशाचें जुनें संगीत म्हणून आज ओळखलें जातें.

अल्लादिया खांसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. गोव्यांतल्या केरी गांवच्या, कलावंतांच्या घराण्यांतल्या. त्यांच्या भैरवीच्या एका जुन्या तबकडीची हकीगत विलक्षण आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविली आहे, न जाणों वाटेंत कोणी भेटला तर त्यास या पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. वाजवावयास सुईसुद्धां सोबत दिली आहे! तींत साऱ्या जगांतून निवडलेले संगीताचे सत्तावीस नमुने; हिंदुस्थानचा एकच, केसरबाईंचा, साडेतीन मिनिटांचा. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत बाई वारल्या. २०१२ सालीं पहिलें यान सूर्याचा वारा जेथवर पोंचतो ती सीमाही ओलांडून गेलें. गुरूचा आवाज येथेंच विरून गेला, आणि शिष्येचा आवाज सूर्याच्या कक्षेबाहेर!

तीन मिनिटांचा तो सांचा सगळ्यांनाच जाचला असें मात्र नाहीं. १९३२ सालीं गो. ना. जोशी यांनीं ना. घ. देशपांडे यांच्या एका कवितेची तबकडी गायिली आणि भावगीत नांवाचा प्रकार मराठी घरांघरांत शिरला. तो बैठकींतून आला नाहीं, रंगभूमीवरून आला नाहीं. तबकडीच्या मापाचाच तो जन्मला. पुढें पुण्यांत गजानन वाटव्यांनीं तो गणेशोत्सवाच्या मांडवांत नेला. मंडईलगत १९१५ सालीं निघालेल्या आर्यन चित्रपटगृहांत आधीं मुके चित्रपट चालत. बोलपट आल्यावर त्यांतलें गाणेंही याच मापानें कापलें जाऊं लागलें, कारण चित्र पाहून आलेल्या माणसास तेंच गाणें घरीं हवें असे. आज त्या आर्यनच्या जागीं मोटारी उभ्या राहतात.

परकें गाणें आलेंच नाहीं काय? आलें. अर्जेंटिनाचा टँगो, अमेरिकेचा जॅझ बंदरोबंदरीं पोंचला. हवाई बेटांची गिटार कलकत्त्यास रुजली, आणि पुढें तिचेंच रूप पालटून आमच्या वादकांनीं तिच्यावर राग वाजविले. इंग्लंड-अमेरिकेंत ७८ च्या वेगाची तबकडी बंद पडली तरी डमडमच्या कारखान्यांत ती निघतच होती, इतकी कीं १९६० नंतर विलायतेंतल्या बीटल्स मंडळींचीं गाणींही तीवर उमटलीं. आज संग्राहक ती तबकडी मिळविण्यासाठीं जिवाचें रान करतात.

तेव्हां त्या भगिनींस आम्ही एवढेंच लिहिलें आहे कीं, नातीच्या कानांतलें गाणें परकें आहे म्हणून घाबरूं नये. मंडईंत कोरियाची भाजी आली तर आपली मेथी कडू होत नाहीं. तिला विचारावें कीं ही गाणारीं मुलें कोण आहेत, त्यांस काय मिळतें, त्यांच्या आयांना तीं काय वाटतात. आणि मग आपल्या घरांत काय ऐकत असत तें तिला सांगावें. पुष्कळ घरांतून तें सांगणारें माणूसच आतां उरलें नाहीं, हें आम्हांस कोरियन गाण्यापेक्षां अधिक लागतें.

जातां जातां एक कामाची सूचना. ज्यांच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील त्यांनीं त्या भंगारवाल्यास देण्यापूर्वीं खालीं काढाव्या. एकावर एक रचूं नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या. उन्हांत ठेविल्यास वांकतात. धूळ मऊ कोरड्या कापडानें वर्तुळाच्या अंगानें पुसावी. स्पिरिट मुळींच लावूं नये, लाख स्पिरिटांत विरघळते आणि तिच्याबरोबर गाणेंही. जुनी पोलादी सुई एका बाजूस एकदांच वापरावी, बोथट झालेली सुई रेघा खरवडते. मधल्या कागदावरचें गाणाराचें नांव, रागाचें नांव आणि अंक एका वहींत उतरून ठेवावा; आणि कागद निघून गेला असेल तर तबकडी शेवटपर्यंत ऐकावी, कारण जुन्या तबकड्यांत पुष्कळदां गाणें संपल्यावर गाणारी आपलें नांव सांगते.